बाळादाचा बोंडू

वेळणेश्वरच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे. तीस-बत्तीस घरं, घराघराला जांभ्या दगडाचा गडगा, आणि गडग्याच्या आत काजूची नाहीतर माडाची झाडं. या वाडीतला बाळा सुर्वे एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होता. समुद्र खवळून जहाज कलंडायला आलं तरी त्याचा कांदा बारीकच चिरलेला असायचा. पण एवढ्या वर्षांत शिमग्याची पालखी आपल्या अंगणात आलेली त्याने तीनदाच पाहिली. फाल्गुनात त्याचं जहाज नेमकं कुठल्यातरी परक्या बंदरात असे. इकडे त्याची बायको सगुणा एकटीच देवीची ओटी भरी आणि पत्रात लिही, 'पालखी आली. तुमच्या नावाचा नारळ ठेवला.' ते पत्र बाळादा भटारखान्यातल्या फळीवर चिकटवून ठेवायचा.

दोन हजार साल सरता सरता तो कायमचा घरी आला. येत्या शिमग्याला पालखीचा पुढचा खांदा आपला, एवढंच त्याच्या मनात होतं.

पण तो एकटा आला नाही. त्याच्या कप्तानाने बिऱ्हाड परदेशी हलवलं, आणि त्याचा सहा वर्षांचा पिटबुल कुत्रा मुंबईला मागे राहिला. इमारतीत त्याला घ्यायला कोणी तयार होईना. बाळादा निरोप घ्यायला गेला तर कुत्रा येऊन त्याच्या पायावर डोकं टेकून बसला. ही जात भयंकर असते, असं बाळादानेही ऐकलं होतं. त्याला ते बरंच वाटलं. काजूच्या राखणीला असाच हवा, असा हिशेब करून त्याने साखळी हातात घेतली.

रुंद डोकं, मृदंगासारखी छाती, आणि रंग पिकलेल्या काजूच्या बोंडासारखा तांबडा-पिवळा. सगुणेने पहिल्या दिवशी हातातली केरसुणी खाली ठेवली नाही. चौथ्या दिवशी ती मासळीचे काटे वेचून त्याला भात कालवून देत होती. बोंडू हे नाव तिनेच ठेवलं.

राखणीचं म्हणाल तर बोंडूला त्यातलं काही कळत नव्हतं. पोस्टमन आला की शेपटीबरोबर त्याचं मागचं अर्धं अंग हलायचं. खत टाकायला आलेल्या गड्याच्या पायाशी तो उताणा पडून पोट खाजवून घ्यायचा. दुसऱ्या कुत्र्याशी मात्र त्याचं जमत नसे. म्हणून बाळादा त्याला गडग्याबाहेर कधी मोकळा सोडत नसे.

"राखण्या म्हणून आणला, नि हा पाव्हणचार करतोय," बाळादा म्हणे.

"तुमच्यापरास बरा," सगुणा म्हणे. "तुमी तर पाव्हणे आले की झोपेचं सोंग घेताव."

गडग्याच्या आत असं चाललं होतं. बाहेर दुसरंच वाढत होतं. वाडीचे गावकर, म्हणजे प्रमुख, महिपत काही कामाने हातखंब्याला गेले होते. तिथे चहाच्या टपरीवर एका ट्रक ड्रायव्हरने त्यांना सांगितलं, की या जातीच्या जबड्याला आत कुलूप असतं. एकदा चावला की कुत्रा मरेपर्यंत सुटत नाही. त्याला मार लागत नाही, दुखत नाही. तिसऱ्या वर्षी तो धन्यावरच उलटतो. महिपत खोटं बोलणारा माणूस नव्हे. ऐकलं तसं त्यांनी वाडीत सांगितलं. आठवड्याच्या आत विहिरीवर येणाऱ्या बायकांच्या कमरेला बांबूची एकेक पाचर दिसू लागली. कुत्र्याने धरलं तर जबडा उचकटायला.

"वयनी, तुमी तो घरात असताना झोपताव तरी कशा?" शेजारच्या तुळसाने पाचर चाचपत विचारलं.

"मी झोपते गं. तो घोरतो, म्हणून ह्यांना झोप नाय."

होळीला आठ दिवस उरले तेव्हा सहाणेवर, म्हणजे पालखी टेकते त्या चौथऱ्यापाशी, गाव बसला. महिपत सावकाश बोलले. "बाळादा, तुज्यावर राग नाय. पण ढोल वाजणार, गुलाल उधळणार. लाल रंग बगून ह्याला रगात आठवलं तर? कुत्रा वाडीत असला तर यंदा पालखी तुज्या अंगणात न येता गडग्यावरनं पुढं जाईल."

बाळादा उठून उभा राहिला. "मी रोज दोन बोटांनी त्याचं तोंड उघडतो. दातातला काटा काढतो. कुलूप-बिलूप काय नाय. तुमच्या घरच्या वाघ्या कुत्र्याचा जबडा, तसाच ह्याचा."

"तू घरचा. घरच्याला तो तीन वर्सं काय करत नाय."

"तो सहा वर्सांचा हाय, गावकर."

"ती तुज्याकडं आला तिथनं मोजायची," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी माना डोलवल्या. उद्या काय ते सांग, असं म्हणून गाव उठला.

घरी येऊन तो पायरीवर बसला. "संगमेश्वरला तुज्या भावाकडं ठेवू त्याला," तो म्हणाला.

सगुणा तांदूळ निवडत होती. "ठेवा. पण पालखीपायी ठेवताव ते कबूल करा. तो वाईट हाय, असं माज्या दारात म्हणू नका."

दुसऱ्या दिवशी बाळादा सहाणेवर गेला तो कुत्रा पाठवतो असं सांगायलाच. तो तोंड उघडणार तोच मागे बसलेला बाबल्या उठला. बाबल्याला स्वतःची बाग नव्हती; दुसऱ्यांच्या बागेत मजुरी करून तो पोट भरी. पुढे येऊन त्याने सहाणेच्या दगडावर हात ठेवला. त्या दगडावर हात ठेवून वाडीत आजवर कोणी खोटं बोललेलं नाही.

"बाळादा दुपारचा पडतो तवा मी त्याच्या काजूत गेलोय. चार वेळा."

मागचे लोक ऐकायला पुढे सरकले.

"पयल्यांदा कुत्रा आला तवा मी झाडावर चढाय बगत व्हतो. त्यानं माज्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. दुसऱ्यांदा माजी टोपी पळवली. मी 'सोड' म्हटलं, सोडली. कुलूप असतं तर टोपी अजून त्याच्याच तोंडात असती. तिसऱ्यांदा गडग्यावरनं उतरताना माजी नडगी फुटली. रगात आलं. त्यानं ते चाटलं नि माज्यापाशी बसून रायला. उलटायचं असतं तर तवाच उलटला असता."

"नि चवथ्यांदा?" कोणीतरी विचारलं.

"चवथ्यांदा मी त्याच्यासाठी भाकरी नेली व्हती."

हसू आलं ते आधी बाळादाला. मग ते सहाणभर पसरलं. महिपत मात्र हसले नाहीत. "म्हणजे तू काजू चोरलास."

"चोरले. त्याचं मागनं बोला. आधी कुत्र्याचं बोला."

महिपतांनी त्या दगडावरच्या हाताकडे पाहिलं. ट्रक ड्रायव्हर कोण, कुठला, त्याने असा कुत्रा पाहिला होता की नाही, हे आपण विचारलंच नव्हतं, असं ते म्हणाले. गावकराने चार माणसांत असं म्हणणं सोपं नसतं. बाबल्याला देवीपुढे पाच नारळ आणि बाळादाचा ढासळलेला गडगा रचून द्यायची शिक्षा झाली. गडग्याची शिक्षा सुचवली ती बाळादानेच. त्याला गड्याची गरज होतीच.

"पालखी येईल. पण कुत्रा बांधशील ना?" महिपतांनी विचारलं.

"बांधणारच. ढोल, फटाके, पन्नास माणसं, वर पालखीमागनं येणारे गावचे कुत्रे. कुठलंबी जनावर बावचळंल."

पालखी आली ती उन्हं कलताना. बोंडू मागच्या पडवीत साखळीला होता. ढोलाचा पहिला ठोका पडताच तो रिकाम्या कणगीमागे जाऊन दडला. सगुणेने ओटी भरली. या खेपेला नारळ बाळादाने स्वतःच्या हाताने ठेवला. मग त्याला पुढचा खांदा मिळाला. साठीला आलेला माणूस, पण असा नाचला की वाऱ्यावर होडी हलावी तशी पालखी हलत होती. दोन तरणे खांदा बदलायला दोनदा पुढे आले, त्याने दोनदा मान हलवली.

"अवो, सोडा आता," सगुणा पायरीवरून म्हणाली. "तुळसाच्या दारात ओटी घेऊन उभे हायत."

"एकच फेरी," बाळादा म्हणाला, आणि अंगणात त्याने आणखी तीन घेतल्या.