ग्यानोबामामांनी पाडलेले गट

आमच्या गल्लीतल्या ग्यानोबामामांना चार माणसं एकत्र दिसली की त्यांचा सामना लावावासा वाटायचा. वाईट मनानं नव्हे. जत्रेतल्या कबड्डीत शिट्टी वाजवण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं.

२०१६च्या दुष्काळात त्यांना उदगीरजवळच्या एका विहिरीवर टँकर भरण्याच्या देखरेखीचं काम मिळालं. पाणी कमी, त्यामुळे रांग हलता हलत नसे. उदगीरचे आणि शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडचे ड्रायव्हर बाभळीखाली बसून मोबाइलवर गोळीबाराचा खेळ खेळत. एकानं हॉटस्पॉट चालू करायचा, बाकीच्यांनी जोडून घ्यायचं. उदगीरचा चंद्रप्पा आणि मुखेडचा लिंबाजी कायम एका बाजूला. "मार त्याला, मार!" असा कल्ला चाले, पण रांगेत भांडण म्हणून नव्हतं. लिंबाजीचा डोळा लागला तर चंद्रप्पाच त्याचा टँकर पुढं घ्यायचा.

मामांना ही मिसळ पटेना. "आरं, ना गाव, ना तालुका! जिंकलं कोण ते कळंल कसं? उदगीर इकडं, मुखेड तिकडं. मग बघा मज्जा!"

पोरांनी ऐकलं, आणि मज्जा आलीही. पण त्याच दिवसांत उदगीर जिल्हा होणार आणि मुखेड त्यात जाणार, अशी आवई उठली होती. जिंकला की चंद्रप्पा चिडवायचा, "आता हरेक कागदाला आमच्याच दारात यायचंय तुमाला." लिंबाजी उसळून म्हणायचा, "आम्ही नांदेड सोडत न्हाई." खेळ थांबला तरी गट मोडेनात. चहासुद्धा वेगवेगळा व्हायला लागला. मग एका दुपारी आधी टँकर कुणाचा यावरून दोघांची जुंपली आणि लिंबाजीनं हातातला पाना चंद्रप्पाच्या कोपरावर घातला.

मोबाइलनं पोरं बिघडवली, असं सगळे म्हणाले. विहिरीवर मोबाइल बंद झाले. लिंबाजीचं काम गेलं, तो गाव सोडून कुठं गेला कळलं नाही. चंद्रप्पाचा हात वाकायचा राहिला आणि ड्रायव्हरकी सुटली. मामाही लोकांच्या सुरात सूर मिसळून मोबाइलला शिव्या द्यायचे. मला त्याचा फार राग यायचा. शेवटी मी तोंडावर बोललो, "मामा, मोबाइल तर आधीपासून होता. गट कुणी पाडले?"

 दुसऱ्या दिवशी मामा मला सोबत घेऊन चंद्रप्पाकडं गेले आणि त्याच्यासमोर लहान मुलासारखे रडले. "माझ्यापायी झालं रे लेकरा."

"न्हाई मामा," चंद्रप्पा म्हणाला. "पहिल्याच दिशी लिंबाजी मला म्हणला व्हता, मामाला सांगू, आपण दोघं एकीकडंच खेळू. म्याच म्हणलो, जा तुझ्या मुखेडवाल्यांत." मग त्यानं मामांना विचारलं, "आम्ही इचारलं असतं, तर खेळू दिलं असतं का तुम्ही?"

मामांनी हसत हसत खेळू दिलं असतं. ते मला ठाऊक होतं, त्यांनाही.

"न्हाई," मामा म्हणाले. "मुळीच दिलं नसतं."

चंद्रप्पानं मान हलवली. त्याला ते खरं वाटलं नव्हतं.