आठ वाजताचा मिस कॉल

नाना गेले त्या सकाळीपण मी त्यांच्याशी खोटं बोलले.

तोंडाने नाही. मिस कॉलने.

आज वर्ष झालं. मी कधी पोस्ट टाकत नाही, दुसऱ्यांच्या फोटोला हार्ट देते आणि पळते. आज लिहितेय. चुका काढू नका, माझी शाळा नववीतच सुटली.

नाना म्हणजे माझ्या मम्मीचे वडील. धुळ्याला त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी यायच्या, नाना जुनी तार काढून नवीन तारेचे वेढे मोजून भरायचे.

मी जळगावला, पिंप्राळ्यात. वर्गात बसायचे पण वर्गात नसायचे. फळ्यावरचं दिसायचं, डोक्यात जायचंच नाही. वही एकीकडे, डबा तिसरीकडेच.

बाई म्हणायच्या तंद्री. पप्पा म्हणायचे आळस. पोरी म्हणायच्या, हिचा टॉवर गेला.

शाळा कायमची सुटल्यावर नानाच मला धुळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी मला खूप वेळ विचारलं, मम्मीलापण विचारलं. मग म्हणाले, एडीएचडी आहे. रोज सकाळी नाश्ता झाला की एक गोळी.

घरात वाद झाला. पप्पांचं म्हणणं, डोक्याची गोळी चालू आहे कळलं तर उद्या सोयरीक कोण करेल. आत्या म्हणाली, बदाम खाऊ घाला आणि मोबाइल काढून घ्या. मम्मी रोज वाटीत गोळी काढून ठेवायला लागली.

नाना पप्पांना अहिराणीत जे म्हणाले ते मला पाठ आहे.

"जवाईबापू, मना बी ध्यान असंच शे. तारना येढा मोजता मोजता भुली जास, म्हणून पन्नासवर खडूनी रेघ मारस. मास्तरनी माले झोडपं, गोळी कोणी दिधी नही. हिले गोळी लिसन तं देखू द्या."

पप्पांनी विषय सोडला.

मग आमचं ठरलं. आठ वाजता नाना मिस कॉल देणार. म्हणजे, गोळी घे.
मी परत मिस कॉल द्यायचा. म्हणजे, घेतली.
उचलायचा नाही. मला फोनवर बोलता येत नाही, घाम फुटतो. नानांना ते माहीत होतं.

गोळीने फरक पडला, तेपण लिहिते. फॉल-पिको शिकले. एक साडी एका बैठकीत व्हायला लागली. पण भूक मेली. तोंड कोरडं पडायचं. आणि मी आधीच गप्प, त्यात अजून गप्प झाले.

मग चुलतबहिणीच्या हळदीत आत्या माझ्यामागे बसून कोणाला तरी सांगत होती, "हिला डोक्याच्या गोळ्या आहेत बरं."
त्या बाईने माझ्याकडे जसं बघितलं ते अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी गोळी मुठीत ठेवली.

आठला नानांचा मिस कॉल आला. मी परत दिला.

मग रोजच.

गोळ्या एका कॅरीबॅगमध्ये गाठ मारून बिबड्यांच्या कोठीत तळाशी ठेवायचे. उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, करून कोठी भरली की तळाला कोण जातंय, असं वाटलं. पुढचा उन्हाळा यायच्या आत ती कोठी रिकामी होते, हे विसरले.
माझं दुखणंच ते आहे.

होळीनंतर नाना आले. त्यांना गॅसवर भाजलेलं बिबडं आणि शेंगदाणे फार आवडायचे. स्वतःच कोठीतून काढलं, भाजलं, अर्धं मला आणून दिलं. मी पिकोच्या मशीनवर होते. शेजारी बसले.

"गोळी लिधी का माय?"

"हो नाना."

"काही सांगनं शे का?"

"नाही."

"बरं," म्हणाले. साडीवर बिबड्याचा चुरा पडला होता, तो हाताने झटकला. आणि पाचची गाडी पकडायला गेले.

तीन महिन्यांनी नाना दुकानात स्टुलावर बसल्या बसल्या गेले. हातात तार तशीच होती. त्या दिवशीपण आठला मिस कॉल आला होता. मी परत दिला होता. साडेनऊला मामाचा फोन आला.

तेराव्याला भांडी घासताना मामी बोलली. तिला वाटलं मला माहीत असेल.

"तुमच्याकडून आले ना होळीनंतर, दोन दिवस नीट जेवले नाहीत. बिबडे काढायला गेले तर गोळ्यांची पिशवी हाताला लागली. मी म्हटलं ताईंना सांगा. तर म्हणे, 'नको. पोर सांगी तवय सांगी. मी मिस कॉल देत राहसू.'"

म्हणजे तीन महिने नाना रोज आठला मला विचारत होते. मी रोज हो म्हणत होते. आणि त्यांना माहीत होतं.

मी नळ चालू ठेवून रडले.

नाना गेल्यावर धुळ्याहून गोळ्या आणणारं कोणी राहिलं नाही. आपोआप बंद झाल्या. घरात कोणी विचारलंपण नाही.

गोळी घ्यावी की नाही मला अजून कळत नाही. कमेंटमध्ये सांगू नका प्लीज. बदामपण नको. मी भूक लागत नाही एवढं बोलले असते तरी नाना म्हणाले असते, चल, डॉक्टरले सांगू. तेवढंच बोलायचं होतं.

काल ती पिशवी माझ्या कपड्यांच्या घडीतून काढून मम्मीच्या हातात दिली. सगळं सांगितलं. मम्मी ओट्याजवळ खालीच बसली. म्हणाली, "सोमवारी धुळ्याला जाऊ. डॉक्टरांना तू सांगायचं. मी नाही बोलणार."

पप्पा हे वाचतील. आत्यापण. वाचू दे.

आठ वाजलेत.

नाना, नाही घेतली. हळदीच्या दुसऱ्या दिवसापासून एकपण नाही.

पाया पडते.
तुमच्या पोरीने सांगितलं, पण उशिरा.