थोडं दिसणाऱ्याची वेबसाइट

नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर एक वर्तुळ काढून दाखवलं होतं. मधलं राहील बरीच वर्षं, म्हणाले, कडेचं हळूहळू जाईल. बरीच म्हणजे किती, असं विचारलं तर म्हणाले, ते सांगता येत नाही. डोळ्याच्या पडद्याचा आजार, यावर औषध नाही. मी बाहेर आलो, बसस्टँडवर लागोपाठ दोन कप चहा प्यायलो आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "चष्म्याचा नंबर वाढला म्हणते."

पुढची दोन वर्षं मी खोटं बोलण्यात घालवली आणि त्यात चांगलाच तरबेज झालो. मोटरसायकल विकली. काहून, तर पायी चाललं की साखर आटोक्यात राहते. संध्याकाळची लग्नं सोडली. काहून, तर बाहेरचं जेवण पचत नाही. ऑफिसात कोणी बाजूला येऊन उभं राहिलं आणि मला कळलंच नाही, तर मी फाइलीत बुडाल्याचं सोंग करायचो. लोक म्हणायचे, बाबू लय मन लावून काम करते.

आंधळं होण्याची भीती होतीच, पण खरी भीती नोकरीची होती, हे कबूल करतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत मी लिपिक. आजोबा तहसीलमध्ये होते, वडील शाळेच्या ऑफिसात. आमच्या घरात सगळ्यांनी कागद वाचूनच पोट भरलं. ज्याला कागद दिसत नाही तो बाबू कायचा? पाणीपुरवठ्यातल्या एका माणसाचा हात मशीनमध्ये गेला होता. तो घरी बसला तो बसलाच. त्याचं पुढं काय झालं हे कोणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. माझी मुलगी अमरावतीला शिकत होती, तिची अजून दोन वर्षं बाकी होती. तेवढी निघाली पाहिजेत, एवढंच माझं गणित होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अशात ती तक्रार आली. करणारी बाई मूळची बोरी अरब गावाकडची, लग्न होऊन आमच्या गावात आलेली, कोर्टाजवळ एका वकिलाकडे टायपिंग करायची. लहानपणीच्या तापात तिचे डोळे पूर्ण गेलेले. तिनं कलेक्टर ऑफिसला लिहिलं होतं की, मला माझ्या मुलीचा जन्मदाखला नगरपरिषदेच्या वेबसाइटवरून स्वतः काढायचा आहे, माझा मोबाइल बाकीच्या वेबसाइट बोलून दाखवतो, तुमची बोलत नाही, दर वेळी शेजाऱ्यांच्या हातापाया का पडू? वरून विचारणा आली आणि आमच्या मुख्याधिकारी मॅडमनी मला आत बोलावलं.

मॅडम साताऱ्याकडच्या, बोलणं मोजकं. म्हणाल्या, "वेबसाइट तुम्हीच बघता ना? दिव्यांगांना वापरता येईल अशी करून घ्या. एक महिना आहे."

माझ्याकडे बघून त्या 'दिव्यांग' म्हणाल्या आणि मला धडकी भरली. वाटलं, हिला कळलं. टेबलाची कड धरून मी हो म्हटलं. बाहेर आल्यावर ध्यानात आलं की त्यांना काहीच कळलेलं नाही, हे फक्त काम आहे.

मग मी कामाला असा लागलो की विचारू नका. वेबसाइट बनवणारा माणूस नागपूरहून फोनवर सांगायचा, मी इथं बसून बदल करायचो. अक्षरं मोठी केली. काळ्यावर पिवळा रंग दिला. बटनांना जाड कडा दिल्या. मोठी अक्षरं आणखी मोठी करायची सोय केली. खरं सांगतो, वर्षभरात पहिल्यांदा मी आमची वेबसाइट डोळे न ताणता वाचली, आणि मला फार बरं वाटलं. मॅडमही खूश. म्हणाल्या, "बोलवा त्या ताईंना."

ती आली. पांढरी काठी घडी करून मांडीवर ठेवली, मोबाइल काढला आणि आवाज मोठा करून आमची वेबसाइट उघडली. मोबाइल बोलू लागला. "चित्र. चित्र. बटन. बटन. चित्र. बटन." शेवटपर्यंत तेच. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊ, रंग कोणता देला?"

"काळ्यावर पिवळा."

"अक्षरं मोठे केले असन?"

"लय मोठे."

ती हसली. "चांगलं केलं. पण हे ज्याले थोडं दिसते त्याच्यासाठी केलं तुमी. मले तं काहीच नाही दिसत. माह्यासारखीचा इचारच नाही आला का तुमाले?"

मी तसाही तापट, आणि घाबरलेला माणूस तर जास्तच तापतो. म्हटलं, "ताई, दहा दिवस मरमर केली मी. तुम्ही आल्या अन् नावं ठेवून राह्यल्या."

तिच्यावर काही परिणाम नाही. "राग नका धरू. मॉनिटर बंद करा, माउस काढून ठेवा अन् आठ दिवस तसंच काम करा. कुठं अडते ते तुमचं तुमाले समजीन."

डॉक्टर गोळी लिहून देतो तसं सांगून ती निघून गेली. तिच्यासारखीचा विचार मला आला नव्हता, कारण दोन वर्षं मी तोच एक विचार टाळत होतो. पिवळ्या अक्षरांपर्यंत मी गेलो होतो. त्याच्या पुढं मला जायचं नव्हतं.

लगेच पुढच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मी स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर सुरू केलं, कानात इअरफोन घातले आणि मॉनिटर बंद केला. एक सपाट, कोरडा आवाज. मी पुढं सरकायची की दाबली, तो म्हणाला, "बटन." कोणतं? पुन्हा दाबली. "बटन." अर्धंच मिनिट झालं असेल. वाटलं, बाप्पा, हेच ते. आता जन्मभर कोणीतरी आपल्याला बटन म्हणून सांगेल आणि कोणतं ते आपल्याला कधीच कळणार नाही. मी घाईघाईनं मॉनिटर लावला. पंख्याखाली बसून माझा शर्ट ओला झाला होता.

दुसऱ्या दिवशी एक मिनिट बसलो. तिसऱ्या दिवशी लबाडी केली, मॉनिटर चालू ठेवून नुसता मंद केला. पाचव्या दिवशी मात्र जन्मदाखल्याच्या अर्जात एक खोट सापडली. आईच्या नावाच्या रकान्यातून पुढं सरकलं की गाडी थेट पानाच्या तळाशी जायची, बापाचं नाव राहूनच जायचं. मला असा राग आला की भीती जराशी बाजूला झाली. नागपूरच्या माणसाला फोन लावून झापलं, "अरे बाबा, त्या बटनाइले नावं दे काही. बिनानावाच्या माणसाले तू हाक कशी मारशीन?" तो बिचारा नावं देत गेला, मी मॉनिटर बंद करून तपासत गेलो. दहा-बारा दिवसांत तो अर्ज कानानं भरता यायला लागला. घाम मात्र रोज यायचा.

मग राहिली परिपत्रकं. ती सगळी मीच वर्षानुवर्षं स्कॅन करून चढवलेली, कुठलं तिरपं, कुठलं उलटं, एका ठिकाणी तर माझाच अंगठा आलेला. मशीनच्या लेखी ते सगळं नुसतं 'चित्र'. ती टाइप करायलाच हवी होती. मॅडम म्हणाल्या, दिव्यांगांसंबंधीची आधी घ्या. वकिलाला विचारून ती बाई दुपारी दोन तास यायला लागली. मी कागद वाचायचो, ती टाइप करायची. माझं वाक्य संपेपर्यंत ती माझी वाट पाहत थांबलेली असायची.

चौथ्या का पाचव्या दुपारी एक जुनं परिपत्रक हातात आलं. त्यावर आवक नोंद माझ्याच अक्षरातली. म्हणजे मीच घेतलं, मीच स्कॅन केलं आणि वाचलं मात्र कधी नव्हतं. मी वाचू लागलो. "सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कोणत्याही कर्मचाऱ्यास त्या कारणास्तव सेवेतून कमी करता येणार नाही. तो सध्याच्या पदावर काम करण्यास असमर्थ ठरल्यास त्यास त्याच वेतनश्रेणीत..." आणि मी थांबलो. अक्षरं समोर स्वच्छ दिसत होती, मी तीच ओळ मनात पुन्हा वाचली.

टाइपिंग थांबलं. "पुढं?"

मी चहाच्या कपासाठी टेबलावर हात फिरवला.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "किती दिसते तुमाले?"

"कायचं किती दिसते?"

"तुमचा हात कपाच्या आंधी टेबलावर फिरते. पयल्याच दिवशी ऐकलं मी. नुसता चष्मा लागलेला माणूस असा नाही चाचपत."

मी आधी दाराकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही. लाज वाटते सांगायला, पण पहिला विचार तोच आला. मग म्हटलं, "कोणाले सांगू नका."

"मी कायले सांगू? तुमचं हाये, तुमाले वाटीन तवा तुमी सांगान. वाचा पुढं, माह्याजवळ अर्धाच तास हाये."

मी पुढं वाचलं. त्यानं भीती गेली असं कोणाला वाटत असेल तर त्यानं सरकारी ऑफिसात वीस वर्षं काढलेली नाहीत. कागदावर काय असतं आणि टेबलावर काय होतं, यातलं अंतर मला ठाऊक होतं. उलट आता एक बाई हे जाणत होती, म्हणून झोप आणखी उडाली.

महिना संपता संपता तिनं मॅडमसमोर बसून मुलीच्या दाखल्याचा अर्ज स्वतः भरला. अर्ज क्रमांक मोबाइलनं बोलून दाखवला तेव्हा तिनं तो पुन्हा एकदा ऐकला, मग पुन्हा एकदा, आणि काठी उघडून घरी गेली.

एकच अर्ज तपासायचा राहिला होता, दिव्यांग नोंदणीचा. तो खऱ्या माणसाच्या खऱ्या कागदांनी भरून पाहायचा होता. तिची नोंद आधीच झालेली. एका दुपारी मी मॉनिटर बंद केला आणि भरायला घेतलं. नाव. हुद्दा. आवाज म्हणाला, "दिव्यांगत्वाचा प्रकार. अंध. अल्पदृष्टी. कर्णबधिर." मी मागे जाऊन अल्पदृष्टीवर थांबलो. नागपूरच्या डॉक्टरांचा रिपोर्ट जोडला. "अर्ज पाठवला," आवाज म्हणाला.

पाठवला कुठं, तर माझ्याच टेबलावर. पहिली छाननी लिपिकाची, मग मॅडमची. आठ दिवस माझा अर्ज माझ्याकडे पडून होता. संगणक लावला की आवाज सगळ्यात आधी सांगायचा, "प्रलंबित, एक." नामंजूर करायला कारण लिहावं लागतं आणि कारणं शोधण्यात आपण पटाईत. एकदा 'कागदपत्रे अपूर्ण' असं लिहूनही झालं. पण कागद पूर्ण होते. दुसऱ्या कोणाचा अर्ज असता आणि पूर्ण कागदांवर मी आठ दिवस बसलो असतो, तर त्यानं मला शिव्या घातल्या असत्या आणि बरोबर घातल्या असत्या. लिहिलेलं खोडलं आणि 'पुढे पाठवा' दाबलं.

दहा मिनिटं काहीच झालं नाही. मग मॅडमच्या केबिनची बेल वाजली. शिपाई आत जाऊन आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाबूजी, मॅडमनं बलावलं. म्हणते, टेस्टिंगसाठी तुमचंच नाव टाकलं का?"

हो म्हणायचं होतं, बस. एका शब्दात सुटलो असतो. ऑफिसातल्या सगळ्या खुर्च्या थांबल्यासारख्या वाटल्या, अमरावतीची मुलगी डोळ्यांसमोर आली.

"नाही," मी म्हटलं. "खरा अर्ज हाये."

माझी खुर्ची आणि केबिन यांच्यामध्ये एक बाक, दोन कपाटं आणि उभी असलेली माणसं होती. मी उठलो, एक हात पुढं धरला आणि सगळ्यांच्या देखत चाचपत निघालो.