नांगराबाहेरची जागा

एम.ए.ला मी ज्यू इतिहास आणि संस्कृती हा विषय घेतला, तेव्हा इंदापुरात आमच्या घरी दोन दिवस कुणी धड बोललं नाही. वडील तहसील कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. ते एवढंच म्हणाले, "पुण्यात खोली घेऊन राहायचं, आणि शिकायचं काय, तर इस्रायलचं?"

मी सांगायचा प्रयत्न केला. ज्यूंमधले बेने इस्रायली कोकणात कित्येक पिढ्या राहिले. तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावं त्यांना शनवार तेली म्हणायची. घरात मराठीच बोलतात.

"मग आपल्याकडं कुणी कसं दिसलं नाही?" वडिलांनी विचारलं.

वर्गात आम्ही सहाजण. बाईंनी प्रत्येकाला एकेका कुटुंबाला भेटून त्यांच्या चालीरीती लिहून आणायला सांगितल्या. मला मिळाल्या ऐंशी ओलांडलेल्या एक आजी. पुण्यात दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. दाराच्या चौकटीवर प्रार्थनेचा कागद ठेवलेली छोटी तिरकी डबी होती. तिला बोटं लावून त्यांनी ती ओठांना टेकवली आणि मला आत घेतलं.

मी वही उघडली तोवर त्यांनीच विचारलं, "गाव कुठलं तुझं?"

"इंदापूर."

त्या म्हणाल्या, "निरवांगी ठाऊक आहे तुला?"

त्यांचे यजमान पाटबंधारे खात्यात होते. लग्नानंतर पहिली तीन वर्षं ते दोघं इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीजवळ राहिले. तिथं त्यांची पहिली मुलगी चार महिन्यांची होऊन तापानं गेली. ज्यूंची दफनभूमी पुण्यात. पावसानं रस्ते बंद, त्या दिवशी पुणं गाठणं शक्यच नव्हतं. शेजारचा एक शेतकरी आपणहून पुढं आला आणि आपल्या शेताचा एक कोपरा त्यानं दाखवला. "आमची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात," आजी म्हणाल्या. "तिथं हे एकटे. जेवढं एकट्याला म्हणता येतं तेवढं ह्यांनी म्हटलं." पुढं बदली झाली, मग दोन मुलगे झाले, ते इस्रायलला गेले. निरवांगीला जाणं राहूनच गेलं.

मी त्या दिवशी वहीत काहीच लिहिलं नाही. सणांचे माझे प्रश्न तसेच राहिले.

सुट्टीत घरी गेल्यावर वडिलांना हे सांगितलं. ते ऐकून घेत बसले, मग उठून चष्मा शोधायला लागले. "शेतकऱ्याचं आडनाव काय म्हणाल्या?" दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारसायकलवर निरवांगीला. चार जणांना विचारून वडिलांनी घर काढलं. तो शेतकरी कधीच वारला होता. त्याचा मुलगा साठीचा. वडिलांनी नुसतं "बाळ" म्हणताच तो म्हणाला, "व्हय की. आबा सांगून गेल्यात, तितं नांगर घालायचा न्हाय. का, ते आमी कधी इचारलं न्हाय. कुणाचं तरी लेकरू हाय, एवढंच ठावं."

उसाच्या कडेला खाटेएवढी जागा होती. गवत वाढलेलं. दोन्ही बाजूंनी सरी तिथवर येऊन वळलेली. मी फोटो काढायला मोबाइल बाहेर काढला आणि परत ठेवून दिला.

मी कळवल्यावर आजी महिन्याभरानं भाच्याच्या गाडीतून आल्या. वडील इस्त्रीचा शर्ट घालून निरवांगीच्या चौकात उभे. शेतकऱ्याच्या मुलानं गवत काढून ठेवलं होतं. त्याची बायको ओंजळभर शेवंती घेऊन आली आणि बावरून म्हणाली, "तुमच्यात चालतं का, आजी?"

"आमच्यात दगड ठेवतात," आजी म्हणाल्या. "पण फुलंही ठेव. तिनं कुठं कधी फुलं पाहिली."

काळ्या रानात दगड सापडेना. शेतकऱ्याचा मुलगा विहिरीपर्यंत गेला, तिथल्या ढिगातून मूठभर खडे घेऊन आला. आजींनी एक ठेवला, मग आम्हा सगळ्यांना एकेक ठेवायला सांगितला. त्यांनी हिब्रूत दोन ओळी म्हटल्या. नंतर मराठीत, अगदी रोजच्या आवाजात, मुलीला नावानं हाक मारली आणि म्हणाल्या, "उशीर झाला गं."

वडील उसाकडं तोंड करून उभे होते.

शेतकऱ्याच्या मुलानं जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. आजींनी दीड भाकरी खाल्ली. निघताना त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. तो म्हणाला, "माझ्या मागं पोरं बी न्हाय नांगरायची. सांगून ठिवतो."

घरी येताना वडिलांनी मोटारसायकल मध्येच थांबवली. "त्या त्यांच्या भाषेत जे म्हणाल्या, त्याचा अर्थ काय गं?" मला अर्धाच लागला होता. तेवढा सांगितला.

निबंध मी तेलाच्या घाण्यांवर लिहिला. निरवांगी त्यात घातलं नाही. ते चालीरीतींत बसवायचं तर आजींना उदाहरण करावं लागलं असतं. बाईंनी "माहिती चांगली, स्वतःचं निरीक्षण कमी" असा शेरा दिला. तो बरोबरच होता.

आजी गेल्या वर्षी पुण्यातच गेल्या. दफनाला मी होते. या वेळी पुरुष दहाच्या वर जमले होते. घरी फोन केला, तर वडील फक्त "बरं" म्हणाले. आईकडून नंतर कळलं, दुपारीच ते निरवांगीला जाऊन त्या घरी सांगून आले.