वसईचे बर्टविसल

"नाव मागून मिळालेलं असलं, तरी वाटेत टाकून देता येत नाही."

हे वाक्य विल्फ्रेड बर्टविसलच्या ओठांवर कायम असायचं. टॅक्सीवाल्याने नाव ऐकून आरशातून मागे पाहिलं की तो हे म्हणायचा. बँकेतल्या मुलीने "रियली?" असं विचारलं की तिला इंग्रजीत म्हणायचा आणि घरी येऊन पुन्हा मराठीत म्हणायचा. दुबईतल्या अल मनखूलच्या त्या जुन्या इमारतीत सुरेशचं दार विल्फ्रेडच्या दारासमोर होतं. नऊ वर्षांच्या शेजारात सुरेशने हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की त्याची बायको साधना चहा ओतता ओतता ते आधीच म्हणून टाकायची. वर म्हणायची, "नाव गोऱ्याचं आणि ताटात सुकट! विल्फ्रेडदादा, तुम्ही राणीला एकदा जेवायला बोलवाच."

"बोलावलं असतं, साधना. पण तुझा शेवगा पाहून ती परत गेली असती," असं म्हणून विल्फ्रेड खळखळून हसायचा.

त्या नावाची हकिगत अशी. प्लेगच्या साली वसईच्या खाडीकाठी एक पोर सापडलं. आई नाही, बाप नाही, नाव सांगायला कुणी नाही. पाद्रीबाबांनी त्याला बाप्तिस्मा द्यायचं ठरवलं, तेव्हा धर्मबाप म्हणून उभं राहायला गावातलं कुणी पुढे येईना. रोगाच्या घरातलं पोर, हात कोण लावणार? तेव्हा रेल्वेच्या पुलावरचा एक गोरा मुकादम टोपी काढून पुढे आला. इंग्रज असला तरी तो कॅथलिक होता. त्याने पोराला हातांवर घेतलं आणि चर्चच्या वहीत त्याचं आडनाव पोराच्या नावापुढे लागलं. पुढच्या वर्षी मुकादम बदलून गेला, तो पुन्हा दिसला नाही. आडनाव मात्र राहिलं. ते पोर म्हणजे विल्फ्रेडचा पणजोबा. डाबरे, तुस्कानो, लोपीस यांच्या त्या गावात या एका घराला कुणी बर्टविसल म्हटलं नाही, सगळे 'पुलवाले'च म्हणत. पण वहीतलं नाव त्या घराने चार पिढ्या जपलं, देव्हाऱ्यातली मेणबत्ती जपावी तसं.

विल्फ्रेड ड्राफ्ट्समन होता. दुबईत उंच इमारती उठत होत्या तेव्हा त्यांच्या जिन्यांचे आणि नळांचे नकाशे त्याच्या हातून उतरत. मग २००८ची दिवाळी गेली, नाताळ आला आणि मंदीने क्रेन जागच्या जागी थांबल्या. उन्हात माना वर करून उभ्या राहिलेल्या त्या क्रेन सुरेशला तहानलेल्या जनावरांसारख्या वाटायच्या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात विल्फ्रेडच्या कंपनीने चाळीस माणसं एका दिवसात काढली. "खलास, सुरेश," एवढंच तो दारात म्हणाला.

खरी टोचणी नोकरीची नव्हती, ॲनेटची होती. त्याची एकुलती मुलगी दहावीला होती. व्हिसा रद्द झाल्यावर देश सोडायला मुदत मिळते, ती मार्चच्या सात तारखेला संपत होती. बोर्डाचा शेवटचा पेपर चोवीसला होता. सातच्या आत नवी नोकरी लागली नाही तर पोरीचे दोन पेपर होणार, बाकीचे राहणार आणि वर्ष बुडणार. सुझी, विल्फ्रेडची बायको, कपाटं आवरायला घेत नव्हती. कपाट आवरलं तर खरंच जावं लागेल, अशी तिची समजूत.

"ॲनेट, अभ्यास होतोय ना गं?" सुरेश विचारायचा.

"येस अंकल. डोंट वरी," ती म्हणायची, आणि पुस्तकाचं पान काही उलटायची नाही.

सुरेश शहराच्या देरा भागात नोकऱ्या लावून देणाऱ्या एका कचेरीत होता. अर्ज चाळणं हेच त्याचं काम. इथे माणसाचा पगार त्याच्या हातावर नाही, पासपोर्टावर ठरतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? एकाच टेबलावर एकच काम करणाऱ्या दोघांना दोन वेगळे आकडे मिळताना त्याने रोज पाहिलं होतं. विल्फ्रेडचा अर्ज त्याने वीस ठिकाणी पाठवला, कुठून हाक आली नाही. एकविसाव्या वेळी त्याने दार लोटून घेतलं, अर्जावरचा फोटो काढून टाकला आणि 'राष्ट्रीयत्व : भारतीय' ही ओळ पुसून टाकली. बाकी काही खोटं लिहिलं नाही. उरलं ते फक्त नाव. विल्फ्रेडला त्याने हे सांगितलं नाही. आधी आत तर जाऊ दे, मग त्याचं काम बघून ठेवतील, असा त्याचा हिशेब.

दोन दिवसांत फोन आला. शहराबाहेर नव्याने वसणाऱ्या सिलिकॉन ओएसिसमधली कंपनी, साहेब स्वतः भेटणार.

"बघ, वीस जागी कामाला कुणी विचारलं नाही, आता विचारलं!" विल्फ्रेडने सुझीला सांगितलं. सुझीने त्याचा लग्नातला टाय इस्त्री केला. सुरेशने रजा टाकून गाडी काढली.

कंपनीच्या पहिल्या मजल्यावर ते बसले. काचेबाहेर नुसती वाळू आणि अर्धे उभे राहिलेले टॉवर. दार उघडलं, एक उंच, पिकल्या केसांचा इंग्रज बाहेर आला. "मिस्टर बर्टविसल?" म्हणत त्याने हात पुढे केला, तो या दोघांच्या डोक्यांवरून, मागच्या लिफ्टच्या दिशेने. विल्फ्रेड उठून उभा राहिला. साहेबाचा हात हवेत क्षणभर अडकला. मग तो मनापासून हसला आणि म्हणाला, "या, या. तुमचे मित्रही येऊ देत आत."

मुलाखतीला कुणी मित्रांना आत बोलावत नाही. पाहुणचाराला बोलावतात.

साहेब वाईट नव्हता. त्याने चहा मागवला. त्याच्या आईचं माहेरचं आडनाव बर्टविसल होतं, म्हणूनच त्याने अर्ज बाजूला काढला होता. लँकेशायरमध्ये त्या नावाचं एक खेडं होतं, तो सांगू लागला. दोन ओढे जिथे फुटतात तो दुबेळका, आणि तिथे राहणारी पाखरांची पिलं, असा त्या शब्दाचा जुना अर्थ. "आता ते खेडं नाही. शेतात बुजून गेलं. आडनाव तेवढं उरलं, तेही विरळ होत चाललंय. माझ्या आईच्या घरी आता ते लावणारं कुणी नाही. आखातात तर तुम्हीच पहिले भेटलात!"

विल्फ्रेड गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता. चार पिढ्यांनी सांभाळलेल्या पेटीत काय आहे ते त्याला आज कळलं होतं. सुरेशने पाहिलं, त्याचा चेहरा उजळला, आणि मग हळूहळू विझत गेला.

"सर, नकाशांच्या कामाचं..." विल्फ्रेड म्हणाला.

साहेब अवघडला. "ती जागा वेगळ्या ग्रेडची आहे. तिकडून, इंग्लंडहून येणाऱ्या माणसासाठी. अर्जावरून आमचा जरा गैरसमज झाला." त्याने अर्ज पुढे सरकवला.

विल्फ्रेडने चष्मा लावून अर्ज वाचला. बोट ओळीओळीवरून खाली गेलं, एका जागी थांबलं. त्याने सुरेशकडे पाहिलं नाही. खिशातून पेन काढलं आणि ड्राफ्ट्समनच्या त्या सरळ, सुंदर अक्षरांत, नावाखाली राहिलेल्या जागेत लिहिलं : इंडियन.

"हे राहून गेलं होतं, सर. चूक आमची," असं म्हणून कागद त्याने दोन्ही हातांनी परत दिला. चहा अर्धा होता, तो त्याने पूर्ण प्याला. अन्न टाकायचं नाही, हा पुलवाल्यांच्या घरचा नेम.

खाली गाडीपाशी सुरेशने त्याला गाठलं. "विल्फ्रेडदादा, शिव्या द्या मला. पण मी वाईट मनाने नाही केलं."

"ठाऊक आहे रे मला ते."

"अजून सात तारखेला आठ दिवस आहेत. मी उद्या अजून चार जागी..."

"नको." विल्फ्रेडने टाय सोडून खिशात घातला. "इतकी वर्षं मला वाटायचं, नाव आपल्यामागून चालतं. आज ते माझ्या आधी आत गेलं, खुर्चीत बसलं, आणि मला दारातच ठेवलं. तू ती ओळ पुसली नसतीस तरी त्यांना हवा तो माणूस मी नव्हतोच. ॲनेटला आज सांगायला हवं. पेपरांच्या आधीच सांगितलेलं बरं, अर्ध्यातून उठवण्यापेक्षा."

"बसा गाडीत. मी सोडतो."

"बसने जाईन. घरी पोचायला जेवढा उशीर होईल तेवढा होऊ दे."

तो वळला. फूटपाथ अजून बांधला गेला नव्हता, म्हणून रस्त्याच्या कडेने, वाळूतून, पॉलिश केलेल्या बुटांनी तो चालू लागला. सुरेश गाडीच्या दाराला हात लावून उभा होता. वर पहिल्या मजल्याच्या काचेमागे तो पिकल्या केसांचा साहेबही उभा होता, हातात अर्ज घेऊन. दोघेही बघत राहिले. विल्फ्रेडने एकदाही मागे पाहिलं नाही.