भाच्याच्या वरातीत आमचा अल्बम

आमच्या रॉक बँडचा नवा अल्बम जगात सर्वात आधी शेवटपर्यंत ऐकला तो एका घोड्याने.

आम्ही चौघे शहाद्याचे, कॉलेजपासून प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवणारे (म्हणजे लोकांना ताल सापडला रे सापडला, की तो बदलायचा!). मध्ये नोकऱ्या आणि संसार झाले. निवृत्तीनंतर केळीच्या गोदामात बसून आम्ही अल्बम केला. गाणं एकच, अर्ध्या तासाचं, आणि मधोमध लांबलचक शांतता. आमच्या मते तो विश्वाच्या निर्मितीआधीचा क्षण होता, घरच्यांच्या मते लाईट गेली होती. बायको तर सुरुवातीलाच कुकर लावायला उठली. कुणीतरी एकाने ते पूर्ण ऐकावं, एवढीच माझी इच्छा उरली होती.

म्हणून आक्काच्या मुलाच्या वरातीत मी डीजेवाल्याला पटवलं. वरात कुठे पळून जाणार! गाणं सुरू झालं आणि नाचणारे एकमेकांच्या पायांवर नाचू लागले.

आता आमच्याकडची रीत अशी, की वाजा (बँड असो वा डीजे) थांबला म्हणजे मांडव आला. आमची शांतता नेमकी एका भलत्याच मांडवापुढे आली! घोडेवाला म्हणाला, "उतरा नवरदेव." सेहऱ्यात तोंड झाकलेला भाचा निमूट उतरला. तिथल्या गुजर बायका त्यांच्या नवरदेवाची वाट बघतच होत्या. सासूबाईंनी ओवाळलं, रीतीप्रमाणे जावयाचं नाक ओढलं. आमचे वऱ्हाडी तोवर पंगतीत बसलेसुद्धा.

तेवढ्यात विश्वाची निर्मिती झाली.

गाण्यातले माझे ड्रम असे कडाडले, की सासूबाईंच्या हातातलं ताट उडालं आणि भाच्याचा सेहरा निघाला. "आ कोण?" एवढंच त्या बोलल्या. आमचे वऱ्हाडी हातातले घास टाकून उठले.

"भाऊ, तुन्हा गाणापायी मन्हा पोऱ्या दुसराना जावई व्हई जाता," आक्का म्हणाली, आणि माझ्याशी बोलणंच बंद केलं. मी मान खाली घालून रस्त्यावर आलो. गाणं संपत आलं होतं. आणि तिथे घोडा! अजिबात न बिथरता, डोळे मिटून, शेवटच्या सुरापर्यंत उभा. मी त्याच्या मानेवरून हात फिरवला.

"याला संगीताची जाण आहे हो," मी घोडेवाल्याला म्हणालो.

त्याने घोड्याच्या दोन्ही कानांतून बोळे उपसून माझ्या हातावर ठेवले. "कापूस शे, भाऊ."

घरचाच होता. सकाळी घोडेवाल्याने मागितला, तेव्हा मीच काढून दिला होता!