पाचवी सवाष्ण

मी तयार केलेलं औक्षणाचं तबक शुभदाकाकूंनी माझ्या डोळ्यांदेखत सिंकमध्ये उपडं केलं. हळद, कुंकू, अक्षता, सुपारी. सगळं. वरून गरम पाण्याचा नळ सोडला आणि भांड्यांचा साबण ओतला. मग टॉवेलला हात पुसत वळल्या आणि हसून म्हणाल्या, "तू फोटो काढ ना. तुझा हात किती स्टेडी आहे!"

दहा मिनिटांपूर्वी ह्याच बाईंनी मला पाचवी सवाष्ण म्हणून दारात उभं केलं होतं. दहा मिनिटांत माझा नवरा मेला नव्हता. मी तबकाला उष्टा हात लावला नव्हता. त्यांना फक्त माझी जात कळली होती.

नीट सांगते.

काका-काकू म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या वेस्ट विंडसर गावातल्या मराठी लोकांचे सार्वजनिक काका-काकू. इथे येऊन त्यांना तीसेक वर्षं झाली. काका एका औषध कंपनीतून रिटायर झालेले. त्यांच्या बेसमेंटमध्ये ऐंशी खुर्च्या मावतात, त्यामुळे गणपतीची मीटिंग असो की कुणाचं डोहाळजेवण, सगळं तिथेच. यंदा राज्याच्या गव्हर्नरची निवडणूक होती. सामना अटीतटीचा. कोण येईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून आजवर ज्यांनी आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं ते उमेदवार आता देशी लोकांच्या घरोघरी समोसे खात फिरत होते. आमच्या उमेदवार बाई ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी तासभर काका-काकूंकडे येणार असं ठरलं. ते ठरवलं मी.

जुलैपासून मी ह्या बाईंसाठी राबत होते. दर शनिवार-रविवार हातात क्लिपबोर्ड, गळ्यात बिल्ला, आणि दारोदार. दोनदा अंगावर कुत्री आली. एका आजोबांनी मी लॉनवर असताना मुद्दाम स्प्रिंकलर सोडला. तरी मी जात राहिले, कारण मला एका कायद्यावर गव्हर्नरची सही हवी होती.

चार वर्षांपूर्वी माझ्या ऑफिसात एक मराठी मॅनेजर आले. लंचला म्हणाले, "मूळचे कुठले तुम्ही?" मग शाळा कोणती. मग कुलदैवत कोणतं. माझं आडनाव गावावरून पडलेलं आहे, त्यावरून काही कळत नाही. कुलदैवतावर मात्र मी अडखळले. महिन्याभरात माझं प्रोजेक्ट दुसऱ्याला गेलं आणि डब्याच्या टेबलावरचं बोलावणं बंद झालं. मी एचआरकडे गेले. तिथल्या मुलीनं भेदभावाच्या कारणांची यादी उघडली. वंश होता, धर्म होता, लिंग होतं, अपंगत्व होतं. ती वरपासून खालपर्यंत बोट फिरवून म्हणाली, सॉरी, जात आमच्या लिस्टवर नाही. ती मुलगी गोरी होती आणि तिला खरंच वाईट वाटलं होतं. त्याचा मला काही उपयोग नव्हता.

तर तो एक शब्द राज्याच्या यादीत घालायचं बिल आता पुढे सरकत होतं. जुलैमध्ये प्रचाराच्या ऑफिसात मी उमेदवार बाईंना ही सगळी हकीकत सांगितली. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाल्या, "मी सही करीन. शब्द देते." त्या दिवशी मी कारमध्ये बसून रडले. मला आता त्या रडण्याचाच राग येतो.

आणि एवढं सगळं करणारी मी आमच्या मराठी मंडळात मात्र चिडीचूप. मी नागपूरची. आमच्या गल्लीत कुणी काही लपवत नसे. जयंतीच्या मिरवणुकीत बाबा सगळ्यांत पुढे असायचे, निळा फेटा बांधून. त्यांची मुलगी अमेरिकेत आली आणि आडनावाच्या आड जाऊन बसली. नऊ वर्षं. कुणी "तुम्ही कोण?" असं आडून विचारलं की मी "विदर्भातले" म्हणायची आणि विषय बदलायची. काकूंकडच्या हळदीकुंकवाला जाता यावं म्हणून औक्षण कसं करतात ते मी यूट्यूबवर बघून शिकले. आमच्या घरी हे सगळं आजीच्याच पिढीत बंद झालं होतं. आजीनं जे धाडसानं सोडलं ते मी फोन बेसिनवर टेकवून, रिवाइंड करकरून शिकले.

याहून वाईट सांगायचंय. प्रचारासाठी काकांनी मराठी घरांची यादी करून दिली होती. छापील, सुबक, काकांच्या स्वभावासारखी. त्यात अकरा आडनावांसमोर पेनानं फुल्या होत्या. मी विचारलं, "ही घरं काय झाली, काका?"

"तिथे वेळ घालवू नकोस गं. ते लोक वेगळे आहेत. आपल्यात मिसळत नाहीत."

मी ती आडनावं वाचली. ओळखीची होती. आमच्या गल्लीतली वाटावीत अशी. मी मान डोलावली आणि जुलै ते ऑक्टोबर त्या अकरा घरांसमोरून गाडी घेऊन नुसती जात राहिले. एकदा एका अंगणात एक बाई पानं गोळा करत होती, तिनं हात केला. मी केला नाही.

रविवार जवळ आला तसा काकूंना उत्साह चढला. नुसते चहा-वडे कसे, पाच सवाष्णींनी ओवाळायचं, ओटी भरायची. मला फोन आला.

"अगं, त्या डिव्होर्स्ड नाहीत ना? नाहीतर ओटीचा प्रॉब्लेम होईल."

उद्या जी बाई हे राज्य चालवणार, तिची परीक्षा अशी चालली होती. मी म्हटलं, "नवरा आहे, काकू. एकच आहे."

"मग काही टेन्शन नाही. आणि पाचवी तू हं. तबक तूच कर, तुझी रांगोळी छान असते."

मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला होता.

रविवारी मी नारायणपेठ नेसून दोन तास आधी गेले. काकूंच्या चांदीच्या तबकात कुंकवाचं स्वस्तिक काढलं, निरांजन ठेवलं, वाती तुपात भिजवल्या. काकू बघून म्हणाल्या, "बघा गं, हल्लीच्या मुलींना जमतं का असं? संस्कार लागतात." बाकीच्या चौघींनी माना हलवल्या.

उमेदवार बाई आल्या. आम्ही पाचजणी दारात, तबक माझ्या हातात. त्यांनी मला बघितलं आणि थेट माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग सगळ्यांकडे वळून मोठ्यानं इंग्रजीत म्हणाल्या, "ह्यांना ओळखता ना? दलित असणं म्हणजे काय ते मला ह्यांनी समजावलं. फार धीराची बाई आहे."

त्यांना वाटलं, आपण हिचा मान वाढवतोय. प्रचाराच्या माणसांना असंच वाटतं. कुणाची गोष्ट ऐकली की ती त्यांच्या भाषणाची होते, मग ती कुठेही काढायची.

 माझ्या शेजारची पदर सावरत अर्धं पाऊल बाजूला सरकली. काकूंनी माझ्या हातातून तबक घेतलं. "एक मिनिट हं, वात नीट लागत नाहीये." वात अजून पेटवलीच नव्हती. मी त्यांच्या मागोमाग किचनमध्ये गेले आणि सिंकपाशी जे बघितलं ते सुरुवातीला सांगितलंच आहे.

दुसरं तबक आलं, स्टीलचं. पाचवी सवाष्ण म्हणून वडा खात असलेल्या एका बाईला बोलावलं. तिनं घाईघाईनं बोटांची चटणी पुसली आणि ओवाळायला उभी राहिली. चटणी चालली.

आणि मी फोटो काढले. हो, काढले. बारा फोटो. हात खरंच स्टेडी होता.

मग खाली बेसमेंटमध्ये भाषणं. काका माइक घेऊन उभे राहिले. त्यांचं इंग्रजी अजून ऑफिसच्या प्रेझेंटेशनसारखं आहे. "मॅडम, आम्हाला इथे येऊन तीस वर्षं झाली. इथे कुणी कुणाची जात विचारत नाही. ते सगळं आम्ही मागे सोडून आलो. हे बिल आलं तर उगाच आमच्या मुलांकडे संशयानं बघितलं जाईल." टाळ्या. सगळ्यांत जोरात टाळ्या काकूंच्या. त्यांच्या हातांना अजून साबणाचा वास असेल.

मी बाईंकडे बघत होते. आता म्हणतील. जुलैमध्ये म्हणाल्या होत्या तसं. एकच वाक्य आहे.

बाई हसल्या. छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "आय हिअर यू. सगळ्या बाजू ऐकूनच मी निर्णय घेईन."

ऐकू येतं म्हणे! ऐंशी खुर्च्यांतलं ऐकू आलं, माझं नाही. ऐंशी मतं आणि त्यांच्या मागची घरं एका बाजूला, मी एकटी दुसऱ्या बाजूला. त्यांना हिशोब करायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

मी वर गेले. सिंकमधून तबक काढलं. त्यावर फेस होता आणि कडेला कुंकवाचा लाल ओघळ राहिला होता. ते तसंच ठिबकत खाली आणलं आणि उमेदवार बाईंच्या समोरच्या टेबलावर, त्यांच्या पत्रकांवर ठेवलं.

इंग्रजीत म्हटलं, "हे मी केलं होतं. तुम्ही माझी जात सांगितल्यावर हे धुतलं गेलं. इथे जात विचारत नाहीत, बरोबर आहे. कळायची वाट बघतात."

काकू म्हणाल्या, "अगं, ते खाली पडलं होतं!" मग बाईंकडे वळून, "इट फेल डाउन."

बाईंनी त्यांच्या असिस्टंटकडे बघितलं. असिस्टंटनं फोनकडे बघितलं. पुढच्या कार्यक्रमाची वेळ झाली होती. निघताना बाईंनी माझा दंड दाबला आणि म्हणाल्या, "आपण बोलू." ओटीतला नारळ त्या खुर्चीवरच विसरून गेल्या.

मी चपला घालायला गराजमध्ये आले तेव्हा काकू मागून आल्या. आवाज एकदम प्रेमळ.

"तू आधी सांगायचं ना गं."

"सांगितलं असतं तर काय केलं असतं, काकू?"

"काही नाही. वेगळी व्यवस्था केली असती."

म्हणजे मला न दुखवता. गुपचूप. नऊ वर्षं ह्या घरात मी ज्या प्रेमानं वाढलेला मसालेभात खाल्ला, ते प्रेम असं होतं. मला त्या क्षणी काकूंचा रागही आला नाही. कीव आली आणि किळस आली. जास्त किळस माझीच आली, कारण ह्या माणसांच्या पंगतीत बसायला मिळावं म्हणून मी बाबांचा फेटा विसरले होते.

त्या रात्री नवरा म्हणाला, "सोड आता हा प्रचार. कशाला त्या बाईसाठी फिरतेस?"

मी सोडणार नाही. दुसरा उमेदवार हे बिल पहिल्याच दिवशी फेकून देणार असं उघड सांगतो. ही बाई निदान घाबरते. घाबरणाऱ्या माणसावर दाब टाकता येतो. काका-काकूंना ते नीट कळलं होतं. मला उशिरा कळलं.

पुढच्या शनिवारी सकाळी मी काकांची यादी घेऊन बाहेर पडले. फुल्या मारलेली अकरा घरं आधी. पहिलं घर त्या पानं गोळा करणाऱ्या बाईचं. तिच्या नवऱ्यानं दार उघडलं. माझ्या बिल्ल्याकडे बघून "नो थँक्स" म्हणायच्या तयारीत होता.

मी मराठीत सुरू केलं. नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. मग म्हटलं, "मी दलित आहे. नागपूरची, बौद्ध. चार महिने मी तुमच्या घरासमोरून नुसती जात होते, कारण यादीत तुमच्या नावावर फुली होती. ह्या बाईंना मत द्या. त्या शब्दाच्या पक्क्या आहेत म्हणून नाही, अजिबात नाहीत. त्यांना निवडून आणायचं आणि मग आपण सगळ्यांनी राजधानीत, ट्रेंटनला त्यांच्या ऑफिससमोर जाऊन उभं राहायचं. सही होईपर्यंत हलायचं नाही."

त्यानं आधी रस्त्याच्या पलीकडे बघितलं. मग शेजारच्या लॉनकडे. ती नजर मी ओळखते. नऊ वर्षं माझीच होती.

"जरा हळू बोला ना," तो म्हणाला. "शेजारी मराठी आहेत."

मी पहिल्यापासून सगळं परत सांगितलं. ह्या वेळी शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.